गाठ आहे, पण कशाची?

घरात कुणाला काही सापडेनासं झालं की हाक ठरलेल्या दिशेनंच येते. गॅसचं पुस्तक कुठंय? धाकट्याचा जन्माचा दाखला कुठंय? मागच्या उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर कुणाकडून भरून आणली होती? सासऱ्यांना कुठल्या गोळीनं अंगावर पुरळ उठलं होतं? आपण चपातीच्या पिठाचे हात झटकत उत्तर देतो आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. घरातली निम्मी माहिती आपल्या डोक्यात असते आणि उरलेली निम्मी आपणच कुठंतरी लिहून ठेवलेली असते.

आपण लिहीत नाही असं मुळीच नाही. कालनिर्णयच्या चौकटीत दूधवाल्याचे खाडे असतात, सिलिंडर लावल्याची तारीख असते. फडताळाच्या आतल्या बाजूला वायरमनचा नंबर असतो. डायरीत भिशीचा हिशेब, जुन्या वहीत आईकडून उतरवून घेतलेला मसाला, देव्हाऱ्यातल्या डबीत कुणाच्या तरी पत्रिकेची चिठ्ठी. आणि आता मोबाइलमध्ये तर काय, फोटोंचा नुसता डोंगर! नोंदींची कमतरता कुठल्याच घरात नाही. कमतरता आहे ती एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीपर्यंत जाणाऱ्या वाटेची.

आपल्या आज्ज्या पदराला गाठ मारायच्या. काहीतरी लक्षात ठेवायचंय, म्हणून पदराच्या टोकाला गाठ. ‘मनाशी खूणगाठ बांधली’ असं आपण अजूनही म्हणतो. पण संध्याकाळी ती गाठ हाताला लागली की पुष्कळदा प्रश्न पडायचा, की ही बांधली कशासाठी? गाठ पक्की असायची, पण ती कशाशी बांधलेली आहे हे गाठ सांगत नसे. आपल्या बहुतेक नोंदींचं हेच होतं. कालनिर्णयवर लिहिलेलं असतं, ‘डॉ. ना दाखवले’. कुठल्या डॉक्टरांना? काय म्हणाले ते? कागद कुठल्या पिशवीत ठेवला? वर्ष संपतं, कालनिर्णय भिंतीवरून उतरतं, त्याची पानं भांड्यांच्या मांडणीवर अंथरली जातात आणि ती गाठही त्यांच्याखाली गाडली जाते.

म्हणून मला असं ठामपणे वाटतं, की नोंद करणं ही अर्धीच गोष्ट आहे. ती दुसऱ्या नोंदीला जोडणं आणि ती जोड दहा-वीस वर्षं टिकेल अशी करणं, ही उरलेली अर्धी. हा काही कचेरीतल्या कारकुनांचा विषय नाही. आपला आहे. का, ते पुढे सांगतेच.

आधी ही जोड तुटते कशी ते पाहू. पहिली तऱ्हा जागेची. आपण लिहितो, ‘जमिनीचे कागद माळ्यावरच्या निळ्या पिशवीत’. मग घराला रंग लागतो, माळा रिकामा होतो, निळी पिशवी फाटते. सांगलीकरणींना तर हे समजावून सांगायची गरजच नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षांच्या पुरात नदीकाठच्या कितीतरी घरांतून कागद घाईघाईनं वरच्या मजल्यावर, शेजारच्या गच्चीवर, पाहुण्यांच्या गावी गेले. पाणी उतरल्यावर पिशव्या परत आल्या, पण कुठल्या पिशवीत काय होतं ते कुणाला सांगता येईना.

दुसरी तऱ्हा पानाची. आईच्या वहीत पुरणपोळीखाली लिहिलेलं असतं, ‘कटाचा मसाला पान १४ प्रमाणे’. लेक ती वही आपल्या वहीत उतरवून घेते. शब्दन् शब्द उतरवते, ‘पान १४’ सुद्धा. लेकीच्या वहीत पान १४ वर असते शंकरपाळी! खूण उतरली, पण ती ज्या जागेकडे बोट दाखवत होती ती जागा मागंच राहिली.

तिसरी तऱ्हा नावाची, आणि ती सर्वांत वाईट. कागद जागेवर असतो, पानही तेच असतं, पण ज्या नावानं शोधायचं ते नावच बदललेलं असतं. नाव बदलण्याची वेळ आपल्याकडे कुणावर येते, ते मी सांगायला नकोच.

आता आपल्याच मुलखातलं एक मोठं काम पाहा. सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठी वाई आहे. ढोल्या गणपतीसाठी आणि घाटांसाठी आपण जातो तीच वाई. तिथं तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं. पहिला खंड आला १९७६ साली आणि विसावा २०१५ साली. म्हणजे एका कामावर जवळजवळ दोन पिढ्या खपल्या. या कोशातली एखादी नोंद वाचली, की शेवटी बऱ्याचदा ‘पहा :’ असं लिहून पुढे दुसऱ्या नोंदींची नावं दिलेली दिसतात. मध्येच एखाद्या शब्दाशी छोटासा बाणही असतो. त्या शब्दावर वेगळी नोंद आहे, तिकडं जा, एवढंच तो सांगतो.

यात विशेष काय, असं वाटेल. पण जरा विचार करा. कोश अक्षरांच्या क्रमानं निघत होता. ‘अ’वरची नोंद लिहिणाऱ्याला ‘ह’वरच्या नोंदीकडे बोट दाखवायचं असेल तर? तो खंड अजून छापायचा होता, कित्येक वर्षं छापला जायचा नव्हता. पान नंबर देणार कुठून? मग काय द्यायचं, तर नोंदीचं नाव. ते ठरलं की ठरलं. खंड कुठल्याही वर्षी येवो, पान कितवंही असो, त्या नावाची नोंद त्या अक्षराखाली सापडली पाहिजे. १९७६ साली दाखवलेलं बोट २०१५ सालीही बरोबर जागी पोचतं ते यामुळे. आणि आता विश्वकोश मोबाइलवर वाचता येतो, तिथं तर पानंच नाहीत! तरी ‘पहा’ चालतंच. कारण ती जोड हलणाऱ्या गोष्टीला बांधलेलीच नव्हती.

सगळी मेख इथं आहे. जोड बांधायची ती न हलणाऱ्या गोष्टीला. जागा हलते, पान हलतं, पिशवीचा रंग विटतो. एकदा दिलेलं आणि पुन्हा न बदललेलं नाव किंवा क्रमांक मात्र हलत नाही.

दुसरा धडा आपल्याला बाजारपेठेतल्या दुकानदारांच्या वह्यांतून मिळतो. ज्या मैत्रिणी कॉमर्सला होत्या किंवा बचत गटाचा हिशेब लिहितात त्यांना आठवेल. रोजकीर्दीत एक बारीक रकाना असतो, ‘खा. पा.’ म्हणजे खाते पान. आज गटातल्या एका बाईनं दोनशे रुपये भरले, ते रोजकीर्दीत लिहिलं. मग खतावणीत तिच्या खात्यावर चढवलं आणि ते खातं ज्या पानावर आहे त्याचा आकडा रोजकीर्दीत त्या ओळीशी टाकला. खतावणीतही त्या रकमेशी रोजकीर्दीचं पान टाकलं. म्हणजे इकडून तिकडं जाता येतं आणि तिकडून इकडंही. ‘खा. पा.’चा रकाना रिकामा दिसला की हिशेबनीस लगेच ओळखतो, ही रक्कम अजून चढवायची राहिलीय. म्हणजे जोड राहिली असेल तर वहीच ओरडून सांगते!

आपण घरी मात्र एकाच बाजूनं गाठ मारतो. डायरीत लिहितो, ‘कागद फाइलमध्ये आहे’. पण फाइलमधल्या कागदावर डायरीचा काही उल्लेख नसतो. पाच वर्षांनी फाइल उघडणारी सून त्या कागदाकडे बघून म्हणते, ‘हे कशाचं?’ आणि रद्दीत टाकते. चूक तिची नाही. कागदाच्या तोंडाला कुलूप होतं.

तिसरा धडा तर आपल्या घराघरांत पडून आहे. सातबारा. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२, एकावर जमीन कुणाची आणि दुसऱ्यावर पीक कोणतं. सातबारा बघताना पुरुषमंडळी क्षेत्र आणि कर्जाचा बोजा बघतात. तुम्ही एकदा त्यावरचे छोटे आकडे बघा. नावांजवळ एकेक क्रमांक असतो, तो फेरफाराचा. तो घेऊन गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत गेलं की कळतं, हे नाव इथं आलं कसं. खरेदीनं, वारसानं की वाटणीनं. त्या फेरफारावरून आणखी मागं जाता येतं. थेट पणजोबांपर्यंत. आणि एखादं नाव कमी झालं तर ते खोडून नाहीसं करत नाहीत, त्याला ‘कंस’ करतात. नाव दिसत राहतं, फक्त आता त्याचा हक्क नाही एवढं समजतं. नोंदी ठेवण्याची ही पद्धत ज्यानं कुणी घालून दिली त्याला बाईच्या जातीचा विचार सुचला नसेल, पण पद्धत मात्र फार शहाणी आहे.

या साखळीत कडी निखळते ती नेमकी आपल्यापाशी. माझ्या एका आत्यांची गोष्ट सांगते. त्यांचं माहेर कोरेगाव तालुक्यातलं आणि सासर तासगाव तालुक्यातलं. आजोबा गेल्यावर वारसनोंद झाली तेव्हा आत्यांचं नाव सातबाऱ्यावर इतर हक्कात लागलं, अर्थात माहेरचं नाव. लग्नात सासरी तांदळात अंगठीनं लिहिलं गेलं ते नाव वेगळंच. रेशनकार्ड, मतदारयादी, आधार, बँक, सगळीकडे तांदळातलं नाव. काही वर्षांपूर्वी त्या जमिनीतला एक पट्टा रस्त्यात गेला. मोबदल्यासाठी सगळ्या वारसांच्या सह्या हव्या होत्या. कचेरीतला माणूस सातबारा बघे, आत्यांचं आधारकार्ड बघे आणि म्हणे, ‘बाई, ह्या त्या कशावरून?’ सत्तरी ओलांडलेली बाई स्वतःच्या बापाच्या जमिनीपुढं उभी आणि ती तीच कशावरून, हा प्रश्न! त्याचा तरी काय दोष म्हणा. कागद जुळत नव्हते, हे खरंच होतं.

तिथं उपयोगी पडली माझ्या आईची वही. आईला लिहायची सवय. नणंदांचं एक पान तिनं केलं होतं. त्यावर या आत्यांचं माहेरचं नाव, पुढं ‘सासरचं नाव’ म्हणून दुसरं, लग्नाची तारीख, यजमानांचं नाव आणि गाव, त्या चौथीपर्यंत ज्या शाळेत गेल्या तिचं नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरचा नंबर. खाली एक ओळ : ‘पत्रिका पुडकं ४’. पत्र्याच्या पेटीतल्या पुडक्यांवर तिनं क्रमांक घातले होते. पेटी तीन घरं फिरली, पुडकं चार हे चारच राहिलं.

शाळेत रजिस्टरचा नंबर सांगितल्याबरोबर निर्गम उतारा मिळाला. त्यात माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव. पुडक्यातल्या लग्नपत्रिकेत तेच माहेरचं नाव आणि नवरदेवाचं नाव. रेशनकार्डावर त्याच नवरदेवाची पत्नी म्हणून सासरचं नाव. उतारा, पत्रिका, रेशनकार्ड. तीन कागदांची साखळी जुळली, सोबत प्रतिज्ञापत्र दिलं आणि आत्यांची सही मान्य झाली.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आईची वही हा काही कायद्याचा पुरावा नव्हता. कुठल्याही कचेरीनं ती हातात धरली नसती. पण पुरावा कुठं आहे ते वहीला ठाऊक होतं. घरच्या नोंदीनं एवढंच करायचं असतं. स्वतः साक्ष द्यायची नाही, साक्षीदाराचा पत्ता सांगायचा.

कायद्यानं आपल्याला पुष्कळ दिलं. महाराष्ट्रानं १९९४ साली एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या. मग ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती देशभर लागू झाली. वडील त्या दिवशी हयात असायलाच हवेत का, यावर बरीच वर्षं वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात निकाल दिला, की तशी अट नाही, मुलीचा हक्क जन्मानंच आहे. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव असा क्रम ठरवला. लग्न झालेल्या स्त्रीला मालमत्तेच्या कागदात लग्नापूर्वीच्या नावानं नोंद करायची मुभाही त्याच निर्णयात आहे.

हे सगळं चांगलंच आहे. पण आज जी चाळीस, पन्नास, साठ वर्षांची बाई आहे, तिची दोन नावं अजून दोन वेगवेगळ्या ढिगांत पडून आहेत. हक्क कायदा देईल. या नावाची ती आणि त्या नावाची ती एकच, हा धागा मात्र तिलाच जपायला लागतो. भावाला तो जपावा लागत नाही. तो जन्मापासून सरणापर्यंत एकाच नावानं, बहुधा एकाच गावात असतो. म्हणून म्हटलं, हा विषय आपला आहे.

जगात मोठमोठ्या विद्वानांनीही हेच केलं. जर्मनीत निक्लास लूमान नावाचे एक समाजशास्त्रज्ञ होऊन गेले, १९२७ ते १९९८. त्यांनी आयुष्यभर चिठ्ठ्यांवर टिपणं केली, सुमारे नव्वद हजार! लाकडी खणांत त्या उभ्या लावलेल्या असत. विषयवार गठ्ठे करायच्या भानगडीत ते पडले नाहीत. प्रत्येक चिठ्ठीला एक क्रमांक, तो कायमचा. दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये नवी घालायची झाली तर जुने क्रमांक बदलायचे नाहीत, नव्या चिठ्ठीला पुढं अक्षर लावायचं. आपल्याकडे दोन घरांच्या मध्ये नवं घर झालं की ‘४२ अ’ करतात ना, अगदी तसं. आणि एका चिठ्ठीवर दुसऱ्या चिठ्ठीचा क्रमांक लिहायचा. एवढ्या भांडवलावर त्यांनी ढीगभर पुस्तकं लिहिली. पद्धत बघा, आईच्या ‘पुडकं ४’ पेक्षा तत्त्वानं काहीच वेगळी नाही.

आणि जात्यावरच्या ओव्यांचं म्हणाल, तर हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. नुसत्या ओव्या जमवून ते थांबले नाहीत. ओवी कुणी म्हटली, कुठल्या गावात, कुठल्या विषयावरची, हे सगळं त्या ओवीशी जोडून ठेवलं. त्यामुळे आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर ओवी वाचली की म्हणणारीचं नाव आणि गाव तिथंच दिसतं. सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांनीही बायकांच्या तोंडचं लोकसाहित्य जमवण्यात आयुष्य घालवलं. अशा माणसांनी हे केलं नसतं तर आपल्या आज्ज्यांच्या ओव्या ‘कुणीतरी म्हटलेल्या’ होऊन गेल्या असत्या. जोड नसलेल्या नोंदीचं असंच होतं. ती राहते, पण माणूस त्यातून निसटतो.

‘आता मोबाइल आहे की, शोधलं की सापडतं,’ असं मुलं म्हणतात. सापडतं, नाही असं नाही. पण फोटोचं नाव म्हणजे एक लांबलचक आकडा. व्हॉट्सअॅपवर दिरानं पाठवलेला उतारा फोन बदलला की राहतो का, ते बघा. आणि एखाद्या फाइलचं नाव तुम्ही आज ‘आईचे रिपोर्ट’ ठेवलंत, त्याचा उल्लेख दुसऱ्या टिपणात केलात आणि उद्या नाव बदलून ‘रिपोर्ट नवीन’ केलंत, की जोड तुटलीच. काही अॅप नाव बदलल्यावर बाकीच्या ठिकाणी आपोआप दुरुस्ती करतात, काही करत नाहीत. म्हणून तिथंही नियम तोच. फाइलच्या नावाच्या सुरुवातीला एक क्रमांक ठेवा, तारखेचाच ठेवलात तरी चालेल, आणि तो कधी बदलू नका. पुढचे शब्द हवे तसे बदला. कागदाच्या प्रतीवरही तोच क्रमांक पेन्सिलीनं लिहा. मग फोन गेला तर कागद सापडेल आणि कागद भिजला तर फोटो.

मग करायचं कसं? फार काही लागत नाही. एक जाड दोनशे पानी वही आणि एक स्केच पेन.

घरातल्या कागदांच्या पिशव्या, पुडकी, फाइली यांना क्रमांक द्या. त्यांना ‘निळी’, ‘मोठी’ असलं नाव नको, साधा क्रमांक. एखादी पिशवी रिकामी झाली तरी तिचा क्रमांक दुसरीला देऊ नका. वहीच्या पानांनाही स्वतः क्रमांक घाला आणि वहीवर ‘वही १’ असं लिहा, म्हणजे ‘वही १, पान १४’ हे दुसऱ्या वहीत उतरवलं तरी खरंच राहील. प्रत्येक नोंदीखाली, जिथं लागू असेल तिथं, ‘पहा’ लिहून पुढचा पत्ता द्या. आणि पत्ता दिलात की लगेच त्या दुसऱ्या टोकाला जाऊन उलटा पत्ताही लिहा. ‘नंतर लिहीन’ म्हटलं की राहिलंच, आपलं आपल्याला माहीत आहे.

वहीची शेवटची दहा-बारा पानं सूचीसाठी ठेवा, एकेका पानावर दोन-तीन अक्षरं. यात एक युक्ती. एकाच गोष्टीला घरात जितकी नावं असतील तितक्या नावांनी सूचीत लिहा. ‘मोटर’ पण आणि ‘पंप’ पण. ‘बीपी’ पण आणि ‘रक्तदाब’ पण. आणि घरातल्या प्रत्येक बाईचं माहेरचं नाव आणि सासरचं नाव, दोन्ही. काही बदललं तर खोडून काळं करू नका, सातबाऱ्यासारखा कंस करा आणि शेजारी तारीख टाका. जुन्या डॉक्टरांचं नाव, बंद केलेली गोळी, मोडलेली ठेव, हे सगळं कधी ना कधी विचारलं जातं. ‘ही गोळी आधी कधी चालू होती का?’ असं डॉक्टर विचारतात तेव्हा कंसातली ओळ लाखमोलाची असते. एक पथ्य मात्र पाळा. एटीएमचा पिन आणि पासवर्ड या वहीत लिहायचा नाही.

आणि परीक्षा घ्या. दिवाळीच्या साफसफाईत वही मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हातात द्या आणि सांगा, ‘मला न विचारता मोठीचा शाळा सोडल्याचा दाखला काढून आण’. सापडला तर जोड पक्की. तुम्हाला हाक मारावी लागली तर कुठंतरी कडी निखळलीय, ती लगेच जोडा. आपल्या एकटीला सापडतं त्याला मी पक्कं म्हणत नाही. आपण घरात नसताना दुसऱ्याला सापडलं, तर पक्कं.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, ‘एवढा वेळ कुणाला आहे?’ बरोबर आहे, नसतो. पण एकदम सगळं करायचं नाहीच. जो कागद हातात येईल त्याला त्या दिवशी क्रमांक द्यायचा, एवढंच. वर्षभरात महत्त्वाचे सगळे कागद एकदा तरी हातात येतातच, कधी अॅडमिशनसाठी, कधी कर्जासाठी, कधी दवाखान्यासाठी.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ‘हेही आम्हीच करायचं का?’ एका मैत्रिणीनं मला हे जरा चिडूनच विचारलं. घरातलं सगळं लक्षात ठेवायचं काम आधीच आपल्यावर, त्यात आणखी ही वही! पण मला वाटतं, वहीमुळे उलटं होतं. जोवर माहिती आपल्या डोक्यात आहे तोवर आपल्याला सुट्टी नाही. माहेरी चार दिवस गेलो तरी फोन वाजत राहतो. वही नीट जोडलेली असेल तर ‘आईला विचार’च्या जागी ‘वहीत बघ’ येतं. आणि वहीत बघायला कुणाचीही हरकत नसावी, नवऱ्याचीसुद्धा! लिहायलाही नसावी. एक पान त्यांनी लिहावं, एक मुलानं लिहावं. क्रमांक घालायला काही बाईचाच हात लागतो असं नाही.

पण पहिलं पान तुमचं असू द्या. घराचं नको, कुणाच्या दवाखान्याचं नको. तुमचं. जन्माचं नाव, लग्नानंतरचं नाव, शाळा आणि तिथला रजिस्टर नंबर, लग्नाची नोंद कुठल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत झाली आणि तिचा क्रमांक, माहेरच्या जमिनीचा गट नंबर आणि तुमचं नाव ज्या फेरफारानं लागलं त्याचा क्रमांक. हा शेवटचा आकडा बहुतेकींना ठाऊक नसतो. या वेळी माहेरी जाल तेव्हा भावाकडून सातबाऱ्याची एक प्रत मागून घ्या. हक्क सांगायला निघालात असं त्याला वाटू देऊ नका, वहीत लिहायचंय एवढंच सांगा. पण लिहा मात्र नक्की.